कपाटातला जुना डीएसएलआर पुन्हा कामाला लावताना

२००८ ते २०१२ या काळात आपल्याकडच्या बऱ्याच घरांत डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) आले. कुणी अमेरिकेतल्या भावाकडून मागवला, कुणी बाळाच्या बारशाचं निमित्त काढून घेतला. पुढे फोनचे कॅमेरे सुधारत गेले आणि हे कॅमेरे बॅगेसकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले. निकॉनचे डी९०, डी५०००, डी३१००, कॅननचे ४५०डी, ५५०डी, १०००डी ही त्यातली नेहमी भेटणारी मंडळी. आता घरात कुणाला फोटोग्राफी शिकायची हौस आली की पहिला प्रश्न असतो, "नवा कुठला घेऊ?" माझं उत्तर: वर्षभर तरी कुठलाच नको. आहे तो खाली काढा, पुसा, चालवा. त्याला काय जमत नाही ते तुमच्या स्वतःच्या फोटोंतून कळू द्या. जाहिरातीतून नको.

इथे उदाहरणासाठी निकॉन डी९० घेतो. तो ऑगस्ट २००८मध्ये आला. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर म्हणून तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला होता. १२.३ मेगापिक्सेल, मागे तीन इंची स्क्रीन, सेकंदाला साडेचार फोटो. तुमच्याकडे दुसरं मॉडेल असेल तर बटणांच्या जागा बदलतील, क्रम तोच राहील.

आधी बॅटरी

कॅमेरा उघडण्याआधी बॅटरी हातात घेऊन बघा. सपाट टेबलावर ठेवल्यावर ती डुलत असेल, म्हणजे पोट फुगलं असेल, तर ती चार्ज करायची नाही आणि बॉडीत कोंबायचीही नाही. ई-कचऱ्यात द्या. ठीक असेल तर चार्जरला लावा, पण पहिल्या वेळी घरात कुणीतरी जागं असताना आणि गादी-पडद्यांपासून लांब. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली लिथियम बॅटरी कधी कधी चार्ज घ्यायलाच तयार होत नाही. मग नवी घ्यावी लागते.

डी९०ला ईएन-ईएल३ई ही बॅटरी लागते. हीच डी८०, डी२००, डी३०० आणि डी७००लाही चालते, त्यामुळे ती अजून मिळते. दुसऱ्या कंपन्यांच्या बॅटऱ्याही चालतात, फक्त त्यांच्यावर छापलेल्या एमएएचच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. बॅटरी मूळ असेल तर सेटअप मेनूत 'बॅटरी इन्फो' उघडा. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ या आकड्यांत दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे निरोप द्यायची वेळ झाली.

चालू केल्यावर 'क्लॉक' असं लुकलुकत असेल तर घाबरू नका. आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी उतरलेली असते आणि ती मुख्य बॅटरीवरच चार्ज होते. भरलेली मुख्य बॅटरी दोन दिवस आत राहू द्या, मग तारीख-वेळ लावा. तारीख लावायचा कंटाळा करू नका. नाहीतर यंदाच्या गणपतीचे फोटो कॉम्प्युटरवर २००८च्या जानेवारीत जाऊन बसतात आणि पुढे शोधून सापडत नाहीत.

कार्ड

डी९० एसडीएचसी कार्डापर्यंतच जातो, म्हणजे ३२ जीबीची मर्यादा. दुकानदार ६४चं किंवा १२८चं पुढे करेल, कारण आता तेच चालतं. तरीही ३२चंच मागा. त्याहून जुना कॅमेरा असेल तर नीट बघा: निकॉन डी५०सारख्या काहींना २ जीबीच्या वरचं कार्ड समजतच नाही, आणि डी७० किंवा कॅनन ४००डीला कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं. जुन्या कार्डावरचे फोटो आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या. त्यात हमखास कुणाच्या तरी मुंजीचे, आता हयात नसलेल्या माणसांचे फोटो निघतात. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

फोटो काढून घ्यायला कॅमेऱ्याच्या वायरीच्या शोधात दुपार घालवण्यापेक्षा टाइप-सीचा कार्ड रीडर घ्या. तो फोनलाही लागतो. मग 'वायफाय नाही' ही जुन्या कॅमेऱ्याबद्दलची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

लेन्समधली बुरशी

मुंबई, कोकण, गोवा इथे कपाटात राहिलेल्या लेन्सचं हे खरं दुखणं. लेन्स बॉडीपासून काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरक्या नजरेने आत बघा. नावात डी अक्षर असलेल्या जुन्या लेन्सवर पडद्याची, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपर्चरची, कडी फिरवून तो पूर्ण उघडा. बाकीच्यांत मागची छोटी पट्टी बोटाने सरकवली की पडदा उघडतो. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. पण काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी. सुरुवातीची असेल तर जाणकार मेकॅनिक लेन्स खोलून साफ करून देतो. जास्त मुरलेली असेल तर ती काचेवरचा थर खाऊन टाकते, आणि साफ केल्यावरही डाग राहतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या किट लेन्सच्या बाबतीत मजुरी विचारून घ्या. बऱ्याचदा तेवढ्या पैशांत तशीच दुसरी जुनी लेन्स मिळते.

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार हे कॅमेऱ्यांचं जुनं ठिकाण. दुरुस्ती, सेकंडहँड, चिल्लर सामान, सगळं तिथे. इतर शहरांत जुन्या फोटो स्टुडिओवाल्याला विचारा, त्याचा एक ठरलेला मेकॅनिक असतोच. अधिकृत सेंटरला जायचं असेल तर आधी फोन करून ते तुमचं मॉडेल घेतात का ते विचारा, इतक्या जुन्या बॉडीचे भाग नेहमी मिळत नाहीत.

आणि हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवणं आजपासून बंद. बॅग ओल धरून ठेवते. भांड्यांच्या दुकानात मिळणारा, झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असला म्हणजे झालं. तांदूळ ठेवू नका, त्याची पूड आत जाते. निळं सिलिका जेल ओल शोषलं की गुलाबी होतं आणि तापवलं की पुन्हा निळं. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. म्हणून पोळ्यांचा तवा त्यासाठी वापरायचा नाही. केशरी रंगाचं मिळालं तर तेच घ्या. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. दर आठवड्याला उजेडात निघणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

सेन्सरवरची धूळ

ए मोडवर जा (यात पडदा तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), एफ/१६ लावा (एफचा आकडा जितका मोठा तितका पडदा बारीक), आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता, २००, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. मोठा करून बघितल्यावर राखाडी ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. डी९०मध्ये सेन्सरपुढची काच हलवून धूळ झटकायची सोय मेनूत आहे, आधी ती दोन-तीनदा चालवा. न गेल्यास बॅटरी पूर्ण भरून 'लॉक मिरर अप' निवडा, बॉडीचं तोंड खाली करा आणि हवेच्या रबरी ब्लोअरने चार फुंकरी मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी जाते. दाबाच्या हवेचे डबेही नकोत. बॅटरी भरलेली हवी, कारण ती मध्येच संपली तर वर धरलेला आरसा खाली येतो. एक गंमत लक्षात ठेवा: फोटोत डावीकडे वर दिसणारा ठिपका, समोरून सेन्सरकडे बघताना डावीकडे खाली असतो. ठिपका चिकटून बसला असेल तर ओल्या स्वॅबचा प्रयोग पहिल्यांदा स्वतः करू नका, करवून घ्या.

मागच्या माणसाची सेटिंग पुसा

काकांनी २०११मध्ये लग्नाच्या हॉलमध्ये लावलेलं टंगस्टन (पिवळ्या दिव्यांसाठीचं) व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ ३२०० अजून तिथेच असतं. मग नवा शिकाऊ अंगणात फोटो काढतो आणि निळे, दाणेदार फोटो बघून "कॅमेरा गेलाय" असं ठरवतो. निकॉनवर ज्या दोन बटणांशेजारी हिरवा ठिपका आहे ती दोन्ही एकदम दोन सेकंदांहून थोडी जास्त दाबून धरा. नेहमीच्या सेटिंग मूळ जागी येतात.

मग डोळ्याचं बघा. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं. डोळा लावून, समोरच्या दृश्याकडे न बघता, खालच्या पट्टीतले आकडे धारदार दिसेपर्यंत ते फिरवा. चाळिशी लागलेल्यांना तर हे करायलाच हवं. "फोकस नीट दिसत नाही" म्हणून कॅमेरा विकणाऱ्यांची खरी अडचण बरेचदा हे चाक असतं.

लेन्सचा फोकस बरोबर लागतो का हे तपासायला आजचा पेपर टेबलावर पसरा, पंचेचाळीस अंशांतून बघा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून मधल्या बिंदूने एका मथळ्यावर फोकस करा. तोच मथळा सगळ्यात धारदार यायला हवा. त्याच्या वरची किंवा खालची ओळच सारखी धारदार येत असेल तर फोकस पुढेमागे लागतोय. डी९०च्या मेनूत हे सुधारायची सोय नाही, मेकॅनिककडेच जावं लागतं. शिकणाऱ्याने निष्कर्ष काढण्याआधी पाच-सहा वेळा पुन्हा करून बघावं, हात हलल्यानेही असं होतं.

शिकायला एकच मांडणी

पहिले काही आठवडे मोड सारखे बदलू नका. ए मोड, एकच फोकस बिंदू आणि तोही मधला. डी९०मध्ये अकरा बिंदू आहेत, पण उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा फक्त मधला, म्हणून अंधारात तोच कामी येतो. ऑटो आयएसओ चालू करा, कमाल मर्यादा १६००, शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद. घरातल्या माणसांना एवढा वेग पुरतो. धावणाऱ्या नातवंडांना नाही. सेव्ह करताना रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही.

उजेडाचं मात्र नीट शिकावं लागतं, कारण इथे जुना सेन्सर माफ करत नाही. नव्या कॅमेऱ्यात अंधार आणि लख्ख उजेड एकाच फोटोत बराच वाचवता येतो. जुन्यात पांढरा भाग एकदा जळला की तिथे काहीच उरत नाही, रॉ असूनही. आषाढात पालखीसोबत गेलात तर लगेच कळेल: दुपारच्या उन्हात वारकऱ्यांची टोपी आणि सदरा पांढरा फट्ट, कापडाची एकही सुरकुती दिसत नाही, आणि टोपीखालचा चेहरा मात्र काळा. प्लेबॅक मेनूत 'हायलाइट्स' चालू करून ठेवा, म्हणजे जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. टोपी लुकलुकली तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळसर करायची सोय) -०.७ करून पुन्हा काढा. तरीही लुकलुकली तर -१. चेहऱ्याचा अंधार नंतर कॉम्प्युटरवर दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलता येतो, टोपी मात्र परत आणता येत नाही. त्याहून बरं म्हणजे सकाळी सातला पालखीच्या मुक्कामावर जा. तेव्हाचा उजेड मऊ असतो आणि या कॅमेऱ्याच्या आवाक्यातलाही.

अशी सक्ती मला शिकणाऱ्यासाठी चांगलीच वाटते. पण हे माझं मत झालं, काहींना ती जाच वाटते.

सीसीडीची जादू वगैरे

अलीकडे तरुण मुलं जुने डिजिकॅम (छोटे डिजिटल कॅमेरे) शोधतात आणि सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रंगच वेगळा म्हणतात. डी४०, डी८०मध्ये सीसीडी होता, डी९०मध्ये सीमॉस आहे. रंगात फरक दिसतो, पण त्यातला मोठा वाटा त्या काळच्या जेपेग प्रक्रियेचा आणि व्हाइट बॅलन्सचा आहे. या नावाखाली जास्त पैसे मागणाऱ्याला हसून नमस्कार करा.

मेगापिक्सेल पुरतात का

डी९०चा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशेबाने तो १४ बाय साडेनऊ इंच छापता येतो. लॅबमध्ये नेहमी होणारी ८ बाय १२ची प्रिंट त्यात आरामात बसते. १२ बाय १८ केली तर इंचाला साधारण २३८ ठिपके राहतात, भिंतीवर लावून हातभर लांबून बघायला ते पुरेसे आहेत. फुल एचडी टीव्हीला तर जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात, फोरकेला ८.३. कमी पडतात ते फक्त फोटो खूप कापायचा असेल तेव्हा. म्हणून दोन पावलं पुढे जाऊन काढा.

पैसे खर्च करायचेच असतील तर

लेन्सवर करा. १८-५५ची किट लेन्स ३५ मिलिमीटरवर साधारण एफ/४.५ उघडते. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ त्याच जागी सहापटीहून जास्त प्रकाश आत घेते. म्हणजे संध्याकाळी दिवाणखान्यात जिथे आयएसओ १६०० लागत होता, तिथे २५०च्या आसपास भागतं. नवी बॉडी घेऊन तीच किट लेन्स लावण्यापेक्षा हा फरक जास्त दिसतो. ३५ची लेन्स डी९०वर जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या ५०सारखी दिसते, घरातल्या फोटोंना अगदी योग्य.

५० एफ/१.८ची जुनी डी लेन्स स्वस्त मिळते, पण घ्यायच्या आधी बॉडी बघा. तिच्यात मोटर नसते, बॉडीतल्या स्क्रूने ती फिरते. डी९०, डी८०मध्ये तो स्क्रू आहे. डी४०, डी३१००, डी५०००मध्ये नाही, तिथे फोकस हाताने करावा लागेल. या बॉड्यांसाठी नावात एएफ-एस असलेलीच लेन्स घ्या. कॅननवाल्यांना हा घोळ नाही, त्यांची ५० एफ/१.८ कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर चालते.

दुसरा खर्च सॉफ्टवेअरचा, आणि तो शून्य असू शकतो. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे आणि जुन्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फाइली उघडतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी हेही फुकट. २००९मध्ये काढलेली, तेव्हा दाणेदार म्हणून टाकून दिलेली रॉ फाइल आज नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नॉईज कमी करून बघा. कॅमेरा तोच, फाइल तीच, पण निकाल बराच स्वच्छ येतो. मी आयएसओ १६०० बिनधास्त वापरतो आणि ३२०० अगदी अडलं तरच वापरतो.

जे जमत नाही ते

भिगवणला उडत्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यामागे हा कॅमेरा धावून दमतो. अकरा बिंदू आणि सेकंदाला साडेचार फोटो, त्यातही रॉ लावलं तर काही फोटोंनंतर बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो आणि बोट बटणावर तसंच राहतं. बसलेल्या पक्ष्याला काही अडचण नाही. नाटकाच्या प्रयोगात किंवा गाण्याच्या बैठकीत आरशाचा खटका पहिल्या रांगेला ऐकू जातो, तिथे आवाज न करणारा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असलेला बरा. व्हिडिओ फोनवरच घ्या, डी९०चा ७२०पी व्हिडिओ आज बघवत नाही आणि पॅन करताना इमारती वाकतात. आणि पैसे घेऊन लग्नं करणार असाल तर एकाच कार्डाची बॉडी घेऊन जाऊ नका. कार्ड खराब झालं तर मुहूर्त पुन्हा लागत नाही. ही बदलायची खरी कारणं. "मित्राने नवा घेतला" हे त्यात नाही.

शटर गेलंच तर

डी९०चं शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. तो आकडा म्हणजे मुदत संपल्याचा शिक्का नव्हे, कित्येक त्यापुढेही चालतात. तुमचं किती झालं ते बघायला शेवटचा, कुठेही न सुधारलेला जेपेग एक्झिफटूलमध्ये उघडा, निकॉनच्या फाइलीत हा आकडा असतो. जुन्या कॅननच्या फाइलीत तो मिळत नाही.

शटर किंवा आरसा मोडला तर दुरुस्तीचा खर्च आणि त्याच माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) जुन्या बॉडीची किंमत शेजारी मांडा. बहुतेक वेळा दुसरी बॉडीच परवडते. डी९०वरून जायचं तर डी७२०० बघा: २०१५चा, २४ मेगापिक्सेल, ५१ फोकस बिंदू, दोन कार्डं, आणि स्क्रूची मोटर आतच, त्यामुळे डी लेन्स चालू राहतात. थेट निकॉनच्या झेड मिररलेसवर उडी मारलीत तर जुन्या लेन्स जोडायच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, मग त्याच डी लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. डी७२००ला ईएन-ईएल१५ बॅटरी लागते, तेव्हा बदलायचं मनात घोळायला लागलं की ईएन-ईएल३ईची आणखी जोडी घेऊन ठेवू नका.